बायच्या सहा काठ्या

बाय, तुझ्या काठ्या आम्ही उपटल्या. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून तुझ्या कानावर घालण्याआधी मीच सांगून टाकते. तुझ्या कानावर आता कुणी काही घालू शकत नाही, हे मलाही कळतं. पण गेली बारा वर्षं किनाऱ्यावर काही झालं की पहिलं भांडण तुझ्याशी, ही सवय आहे. ती तेरा दिवसांत जात नाही.

गावातली तीन घरं माझ्याशी बोलत नाहीत. तुझा पुतण्या आज सकाळी दुकानात समोरासमोर आला आणि मान फिरवून निघून गेला. फिरवू दे. त्याच्याशी मला काही बोलायचं नाही, तुझ्याशी बोलायचं आहे.

तुझ्या दहाव्याला एक पाहुणे बोलायला उभे राहिले. गळ्यात उपरणं, हातात कागद. म्हणाले, हिराबाय म्हणजे समुद्राची लेक होती, समुद्र तिच्याशी बोलायचा. मी मागे चपला सांभाळत उभी होते. इतकी चिडले की तिथून निघून जावंसं वाटलं. समुद्राची लेक वगैरे काही नव्हतीस तू. कळंबच्या वाळूत ओहोटीला वाकून तिसऱ्या शिंपल्या उकरायचीस, नालासोपाऱ्याच्या बाजारात बसून त्या विकायचीस. मधुमेह होता, गोळ्या वेळेवर घेत नव्हतीस, आणि कुणाचं ऐकायचं नाही एवढं एकच व्रत आयुष्यभर नेमाने पाळलंस. समुद्र तुझ्याशी बोलत नव्हता. तू रोज जाऊन बघायचीस, म्हणून तुला कळायचं. यात दैवी काही नाही, कष्ट आहेत. पण कष्टांवर भाषण करता येत नाही, म्हणून लोक लेक करून टाकतात.

काठ्यांबद्दल ते पाहुणे एक वाक्यही बोलले नाहीत. बहुधा त्यांना ठाऊकच नव्हतं.

मला तरी कुठे ठाऊक होतं? तुळिंजचा फ्लॅट विकून आम्ही इथे वाडीत आलो, पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या, त्या पहिल्याच मे महिन्यातली गोष्ट. माझ्याकडे उतरलेली मुलं वाळूत क्रिकेट खेळत होती. ओहोटी होती, पाणी पार लांब गेलेलं. तू टोपली घेऊन आलीस ती ओरडतच.

"ठेव ती काठी. कोनाला इचारून काढली?"

"स्टंप नव्हते आजी, म्हणून घेतली. एकच तर घेतली."

"स्टंप नाय ते. तिथं पानी खोल हाय."

मुलं हसली, कारण तिथे पाणीच नव्हतं. कोरडी वाळू होती. मीही मनात हसले, आणि वर तुला सुनावलं की माझ्या पाहुण्यांशी असं बोलायचं नाही. तू माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलंस. "तू ती नवी हाटेलवाली," म्हणालीस. मी म्हटलं, चार खोल्या आहेत, हॉटेल नाही. "मग चार खोल्यांची हाटेलवाली. पावनेसहाला इथं येऊन उभी ऱ्हा."

पावणेसहाला मी आले, तुला खोटं पाडायला. समोरचं पाणी अजून लांबच होतं. त्या कोरड्या वाळूच्या पट्ट्यावर लोक फोटो काढत होते, घोड्यावरून रपेट मारत होते. आणि त्यांच्या पाठीमागे, किनारा आणि तो पट्टा यांच्या मधल्या खोलगट चरात, बाजूने पाणी शिरायला लागलं होतं. आवाज नाही, लाट नाही. न्हाणीघरात मोरी तुंबल्यावर पाणी जसं गुपचूप चढतं, तसं. पंधरा मिनिटांत घोट्याचं गुडघ्याला आलं. तू शिट्टी फुंकलीस, हातवारे केलेस, लोकांना तुझ्या काठ्यांना वळसा घालून चालवत आणलंस. सगळे बाहेर आले आणि कुणीही तुझ्याकडे वळून पाहिलं नाही. त्यांना वाटलं, ओरडायची सवय असलेली एक म्हातारी आहे.

त्या दिवसापासून मी तुझं ऐकायला लागले असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी व्यवहारी बाई आहे. मला वाटलं, एवढं महत्त्वाचं काम लाल चिंध्या बांधलेल्या सहा बांबूंवर सोडणं चूक आहे. मी पत्र्याचा चांगला फलक रंगवून घेतला, लाल अक्षरांत. पुढे खोल पाणी, धोका. सुरूच्या खोडाला ठोकून घेतला आणि तुला अभिमानाने दाखवायला नेलं.

"हा किती दिवस टिकंल?" तू विचारलंस.

"पाच वर्षं तरी."

"आन चर किती दिवस टिकंल?"

मी चराकडे वळून पाहिलं.

"आज हितं हाय. आमुशेच्या उधानात तो तिकडं सरकंल. पावसाळ्यानंतर तर कुठंच्या कुठं. तुझा बोर्ड चालतो का?"

मला पटलं होतं, पण मी मान्य केलं नाही. आपली भांडणं अशीच. तू बरोबर असायचीस आणि बरोबर असण्याची तुझी पद्धत इतकी वाईट होती, की माणसाने हट्टाने चुकीचंच राहावं. तो फलक अजून तिथेच आहे. लोक त्याला टेकून फोटो काढतात.

रोज ओहोटी ज्या वेळी, त्या वेळी तू वाळूत. कालच्या काठ्या काढायच्या, चराच्या काठाने चालायचं, नव्या जागी ठोकायच्या. हातभर आत. मग तिसऱ्या. मी एकदा सोबत आले होते, शिकायला. तू पुढे, मी मागे. "हितं," म्हणायचीस आणि थांबायचीस. मी विचारलं, कशावरून? "पायाला इचार." म्हटलं, माझा पाय बोलत नाही. "मग कातडं जाड झालंय तुझं." संपला धडा.

बाय, हा माझा पहिला राग. तू कुणाला शिकवलं नाहीस. मी वही घेऊन आले होते, मला हसलीस. सुनेला, कल्पनाला, वाळूत उतरू दिलं नाहीस. तिला गोखिवऱ्याला पॅकिंगच्या कामाला धाडलंस, म्हणालीस की एकीच्या कमरेचं वाटोळं झालं तेवढं पुरे. सुनेची कंबर वाचवलीस हे चांगलंच केलंस. पण रविवारी इथे हजार माणूस येतं, उंटावर बसतं, मक्याची कणसं खातं, त्या चारचाकी गाड्या वाळूत पिदडवतं आणि त्यातलं निम्मं माणूस पाण्याकडे पाठ करून उभं असतं. त्यांचं काय करायचं, हे तू सांगितलं नाहीस. आपण कधी जाणारच नाही, असं वागलीस.

दुसरा राग पायाचा.

मी तुला रबराचे बूट आणून दिले होते. दोनदा. पहिले तू घोडेवाल्याला दिलेस, दुसरे कुठे गेले देव जाणे. "पायात रबर घातल्यावर पायाला काय कळनार, कप्पाळ?" मी म्हटलं, साखर आहे तुला, एवढीशी जखम महागात पडेल. म्हणालीस, "चाळीस वर्सं हाच पाय हाय." जसं काही वाळू चाळीस वर्षांपूर्वीचीच राहिली आहे. तेव्हा वाळूत शिंपले होते. आता बाटल्या फुटतात.

टाचेला काच लागली ते तू लपवलंस. हळद दाबलीस, फडकं गुंडाळलंस आणि खारट पाण्यात उतरत राहिलीस. नऊ दिवस. लंगडताना मी पाहिलं तेव्हा सांगितलंस की गुडघा धरलाय. गाडीत घालून वसईला नेलं, तोवर पावलाचा रंग बघवत नव्हता. डॉक्टर तरुण होत्या, समजावून सांगत होत्या. आधी दोन बोटांचा विषय होता, दुसऱ्या दिवशी पूर्ण पावलाचा झाला. तू सही करायला तयार नाहीस. तुझा मुलगा रडतोय, कल्पना रडतेय, आणि तू माझ्याकडे बघून म्हणालीस,

"पाय गेल्यावर काय करू? तुझ्या खोल्या झाडू?"

"हो, झाड. जिवंत राहून झाड."

"तू असंच बोलनार."

"मग कसं बोलू?"

तू भिंतीकडे तोंड केलंस. हे आपलं शेवटचं बोलणं. दोन दिवसांनी, गुरुवारी, कल्पनाचा फोन आला. मला हे वाक्य परत घ्यायचं आहे असं नाही. आज तू समोर असतीस तर पुन्हा हेच म्हणाले असते, आणखी मोठ्याने. पण त्याच्या आधी एक वाक्य बोलायचं राहिलं होतं. ते बोलले असते तर तू कदाचित भिंतीकडे वळली नसतीस. कदाचित माझ्या थोबाडीत मारली असतीस. दोन्ही चाललं असतं.

ते असं. तुला काच लागली त्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्याकडे सहा जण उतरले होते. नेहमीचे. दर दोन महिन्यांनी येतात, जेवणाचं कौतुक करतात, खोल्या स्वच्छ ठेवतात. अंधार पडायच्या सुमारास ते बाटल्यांची पेटी घेऊन वाळूकडे निघाले. माझ्या फाटकातून, माझ्यासमोर. मी म्हणायला हवं होतं की बाटल्या इथेच ठेवा. माझ्या नियमांत ते लिहिलेलंही आहे, भिंतीवर, चौकटीत. मी म्हणाले, "जेवायला साडेनऊपर्यंत या." ते आले. हात रिकामे होते. पेटी कुठे गेली, हे मी विचारलं नाही. नेहमीच्या माणसांना काय दुखवायचं.

तुझ्या टाचेतली काच त्यांच्याच बाटलीची होती का, मला माहीत नाही. कधी कळणारही नाही. त्या वाळूत शंभर जणांच्या बाटल्या आहेत. पण दवाखान्यात तुझ्या पलंगाशी उभी राहून मी तुला गोळ्यांवरून, बुटांवरून, हट्टावरून बोलत होते, आणि हे एक सोडून बाकी सगळं बोलत होते. तुझ्यावर रागावणं सोपं होतं. अजूनही सोपं आहे, या लेखावरून दिसतंच आहे.

आता काठ्यांचं.

तू दवाखान्यात गेलीस त्याच्या आदल्या दिवशी लावलेल्या काठ्या तशाच होत्या. तुझ्या मागे त्या कुणी काढल्या नाहीत. दोन पडल्या, तर गावकऱ्यांनी त्याच भोकांत परत उभ्या केल्या. दहाव्याच्या दुपारी ओहोटी लागल्यावर सगळे तिथे गेले आणि सहाही काठ्यांना झेंडूच्या माळा घातल्या. पुतण्या म्हणाला, काकीच्या हातच्या शेवटच्या काठ्या आहेत, यांना कुणी हात लावायचा नाही. तेराव्याला खाली सिमेंट घालून पक्क्या करू, तिचं नाव लिहू. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. सहावी माळ मी बांधली, बाय. बारा वर्षं ज्या बाईशी भांडले, तिने दिलेलं एकच उत्तर नेमकं त्या दिवशी विसरले. डोळ्यांत पाणी आलं की डोकं चालत नाही, हे मी इतरांना नेहमी सांगते.

दुसऱ्याच दिवशी रविवार. साधारण साडेपाच वाजले असतील. मी अंगणात चादरी काढत होते. दोन बायका आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी बाहेरच्या पट्ट्यावरून परत येताना दिसल्या. आरामात, हातात चपला, मुलगी मध्ये. मी नुसतं बघत होते. काठ्यांपासून चांगल्या साठ-सत्तर पावलांवर उत्तरेला होत्या, म्हणजे सुरक्षित. मग मुलगी एकदम लहान दिसली. छातीपर्यंत पाण्यात.

चादरी टाकून मी पळाले. मला पोहता येतं, पण पन्नाशीत सलवार घालून पळता येत नाही, हे त्या दिवशी कळलं. मी चरात उतरले तेव्हा पाणी कमरेच्या वर होतं आणि बाजूने ओढत होतं. थोरली बाई ओरडत नव्हती, नुसतं तोंड उघडं. मी ओढणीचं टोक फेकलं. धाकटीने ते धरलं, मुलीचा दंड मी धरला. तेवढ्यात घोडेवाल्याने घोडा पाण्यात घातला आणि थोरलीला रिकीब धरायला लावून बाहेर ओढलं. काही झालं नाही. सगळ्या बाहेर आल्या. एक चप्पल गेली.

मी ओरडायला तोंड उघडलं, तुझ्यासारखंच. दिसत नाही का, म्हटलं, कुठून येताय ते? धाकटी मुलीचं तोंड पुसत होती. म्हणाली,

"काकू, बघूनच आलो हो. तिकडे लाल झेंडे होते, हार घातलेले. इथल्या लोकांनीच सांगितलं, त्या काठ्यांच्या जवळ जाऊ नका. म्हणून मुद्दाम इकडून आलो."

मी काठ्यांकडे पाहिलं. त्या उंच वाळूवर उभ्या होत्या. पाणी तिथे जेमतेम घोट्याला होतं. मधे एक आख्खं उधाण येऊन गेलं होतं आणि चर तुझ्या काठ्या सोडून उत्तरेला गेला होता. आम्ही माळा घालून एका लहान मुलीला बरोब्बर त्यात पाठवलं होतं.

त्या तिघींना घरी आणून चहा दिला, कोरडे कपडे दिले, तुळिंजच्या रिक्षात बसवलं. मग तशीच ओल्या कपड्यांनी तुझ्या घरी गेले. पुतण्या ओट्यावर होता. सिमेंटच्या दोन गोण्या भिंतीला टेकवलेल्या होत्या.

"काठ्या काढायच्या," मी म्हटलं.

"काय बोलताय मॅडम? सुतक तरी संपू द्या."

"आज एक मुलगी जात होती त्यांच्यामुळे."

"काठ्यांमुळं नाय, ती पोहायला येत नसताना गेली म्हनून. लोक मरायलाच येतात हितं. काकीची आठवन हाय ती. वरीसभर तरी राहू द्या."

"बाय असती तर आजच्या आज काढल्या असत्या."

"बाय असती तर." तो उठून उभा राहिला. "तुमचं नि तिचं कधी पटलं? आता आलाय तिच्या काठ्या उपटायला."

यावर मी काय बोलले ते लिहीत नाही. चांगलं बोलले नाही. सिमेंटच्या गोणीला लाथ मारली, एवढं सांगते, आणि अंगठा अजून सुजलेला आहे. कल्पना दारात उभी होती. 

सोमवारी तुझा बारावा. मी जेवायला गेले नाही, मला कुणी बोलावलंही नसतं. चार वाजता ओहोटी पुरी लागायच्या आत एकटीच वाळूत उतरले. घोडेवाला बघत होता, दोन-चार गावकरीही बांधावर येऊन उभे राहिले. मी पहिली काठी दोन्ही हातांनी धरून ओढली. हलली नाही. हातभर आत, वर पंधरा दिवसांची वाळू घट्ट बसलेली. कमरेतून ओढली. माळ माझ्या हातात आली, काठी तिथेच. बांधावर कुणीतरी हसलं.

"ओढून नाही निघत ती."

कल्पना. बाराव्याच्या पंगतीतून उठून आलेली, हाताला अजून वरणाचा वास. साडी खोचलेली, पाय अनवाणी. तिने काठी धरली, गोल गोल फिरवली, भोकात पाणी उतरू दिलं आणि काठी अशी वर आली की जसं दही घुसळून रवी काढावी.

"सासूबाई अशी काढायच्या," म्हणाली. "चुलत दीर पंगतीत म्हणत होते, बघत बसा, मॅडमच्याने काठी निघणार नाही. म्हणून आले."

"तुला चर कळतो?"

"नाही. मला पाण्यात येऊ कुठे द्यायच्या? खिडकीतून बघायचे."

सहा काठ्या काढल्या. माळा सुरूच्या बुंध्याशी ठेवल्या. मग दोघी उत्तरेला चालत गेलो, जिथे ती मुलगी बुडत होती तिथवर. दोघींपैकी कुणालाच काही कळत नव्हतं. मी पाय टाकायचे, वाळू वाळूसारखीच लागायची. शेवटी एकच उपाय राहिला. कल्पना चरात उतरायची, पाणी मांडीला लागलं की "हितं" म्हणायची, आणि काठावर मी काठी ठोकायची. पुन्हा दहा पावलं, पुन्हा उतरायचं. तिसऱ्या काठीला ती "हितं" म्हणाली तेव्हा आवाज तुझाच होता. तिला मी ते सांगितलं नाही.

सहावी लावून झाली तेव्हा पाणी उलटलं होतं. आम्ही घरी गेलो नाही. वाळूवर बसलो आणि पाणी येताना बघितलं. तुझा पुतण्याही पंगत आटोपून बांधावर आला होता, तोही बघत होता. पाणी बाजूने शिरलं, पहिल्या काठीपाशी आलं, दुसरी, तिसरी. पाचवीपाशी मात्र ते काठीला सोडून अलीकडे वळलं, आमच्या बाजूला, चांगलं चार पावलं.

"पाचवी चुकली," कल्पना म्हणाली.

"हो."

तिने कंपनीत फोन लावला आणि उद्या उशिरा येईन म्हणून सांगितलं.